तोंड उघडं कुणी धरायचं?

टॉन्सिलच्या ऑपरेशनला सर्जनला घसा हवा असतो आणि भूलतज्ज्ञाला श्वास. वाट मात्र एकच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही ओढाताण जीवघेणी होती. मास्कवर ईथर द्यायचं, मास्क उचलला की सर्जनने घाईघाईने हात चालवायचा, मूल चुळबुळायला लागलं की पुन्हा मास्क. रक्त घशात उतरतच असायचं. जबडा ताणायला आणि जीभ दाबायला आणखी एक माणूस लागायचा तो वेगळाच.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सॅम्युअल क्रो टॉन्सिल काढत, ग्रिफिथ डेव्हिस भूल देत. तोडगा निघाला तो डेव्हिस यांच्या बाजूने: तोंड उघडं धरणारा गॅग. चौकट वरच्या दातांवर टेकलेली, जिभेवर पातं, मध्ये खाचांची दांडी. ताणली की अडकून बसणारी. पात्यालगतच्या नळीतून ईथरची वाफ थेट घशात! मास्कची कटकटच संपली. लंडनच्या हेन्री बॉइल यांनी हा गॅग इंग्लंडमध्ये रुजवला. आपल्याकडच्या थिएटरांतल्या बॉइल मशीनचे ते हेच बॉइल, आणि तेही भूलतज्ज्ञच.

पुढे श्वासनलिकेत ट्यूब घालायची पद्धत आली आणि नवाच घोळ झाला. पातं जिभेबरोबर ट्यूबही चेपायचं. 1957 मध्ये डाउटी यांनी पात्याला मधोमध लांब फट पाडली. ट्यूब त्या फटीत निवांत बसते. डाउटी हेही भूलतज्ज्ञ. घशाच्या सर्जनांनी थोडं ओशाळावं अशीच ही वंशावळ आहे.

आता खरेदीचं. बारामतीत 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मदतीला हात मिळतील. पण इंदापूरच्या बाजूला छोट्या थिएटरात सर्जन, भूलतज्ज्ञ, एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय), एवढाच गोतावळा असेल तर काय घ्यावं? नुसता जबडा फाकवणारा डॉयेनचा गॅग स्वस्त पडेल, पण जीभ धरायला सिस्टर अडकेल. माझं मत बॉइल-डेव्हिस गॅगच्या बाजूने: डाउटीची फटवाली पाती, लहान मुलापासून मोठ्या माणसापर्यंतच्या मापांची, आणि सोबत ड्रॅफिनच्या दांड्या. या दांड्यांना खालपासून वरपर्यंत कड्या असतात. हव्या त्या कडीत गॅग अडकवला की तो अधांतरी राहतो आणि सिस्टरचा हात सक्शनला मोकळा होतो. घेताना गॅगच्या दांडीच्या खाचा घसरत नाहीत ना, हे दुकानातच ताणून पाहावं.

गॅग ताणल्यावर मात्र भूलतज्ज्ञ पुन्हा श्वासाची बॅग दाबून पाहतो, छातीच्या दोन्ही बाजू ऐकतो. हवा अडतेय असं वाटलं तर गॅग लगेच सैल करायचा, मग सर्जनचा हात कितीही शिवशिवत असो.