सौंसरची छोटी लाईन टेबलावर : प्रतिकृतीचे माप, साहित्य आणि रंगकाम

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे आहेत. संत्री आणि कापूस पिकवणारा, मराठी बोलणारा हा पट्टा. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले. शेजारी असूनही रेल्वेच्या बाबतीत या गावांचे नशीब मात्र दीर्घकाळ वेगवेगळे होते. पांढुर्णा इटारसी-नागपूर या ब्रॉडगेज मुख्य मार्गावर, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा या नॅरोगेज मार्गावर. रुळांमधील अंतर पांढुर्ण्यात १,६७६ मि.मी., तर सौंसरला अवघे ७६२ मि.मी., म्हणजे अडीच फूट.

बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात उभी राहिलेली ही ‘छोटी लाईन’ रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये बंद झाली. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज रूळ आहेत. सौंसर, रामाकोना, लोधीखेडा या स्थानकांवरून धावणारी ती लहानखुरी गाडी तेथे पुन्हा दिसणार नाही. छायाचित्रे आहेत, आठवणीही आहेत. परंतु छायाचित्रातून गाडीचे आकारमान हाताला लागत नाही. ते जपायचे असेल, तर मापबद्ध प्रतिकृती हे एक भरवशाचे साधन आहे. मात्र त्यासाठी प्रतिकृती म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

खेळणे आणि प्रतिकृती

नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांवरचे लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. तो बैल देखणा असतो, पण सुताराने त्याची शिंगे थोडी लांब आणि वशिंड थोडे मोठे ठेवले तरी कोणाची तक्रार नसते. प्रतिकृतीला ही मोकळीक नाही. मूळ वस्तूची लांबी, रुंदी, उंची, इतकेच नव्हे तर खिडकीच्या चौकटीची जाडीही एकाच प्रमाणात लहान करावी लागते. त्या प्रमाणालाच स्केल म्हणतात.

रेल्वेच्या प्रतिकृतींमध्ये १:८७ हे प्रमाण जगभर रूढ आहे. त्याला ‘एचओ’ म्हणतात. मुळातील एक फूट येथे साडेतीन मि.मी. होतो. १.७ मीटर उंचीचा माणूस साधारण १९.५ मि.मी. भरतो आणि २.१ मीटर उंचीचे दार २४ मि.मी. होते. प्रत्येक वस्तूचे खरे माप मि.मी.मध्ये घ्यायचे आणि ८७ ने भागायचे, इतकेच हे गणित आहे.

रुळांचा हिशेब

बाजारात १:८७ साठी मिळणारे तयार रूळ १६.५ मि.मी. अंतराचे असतात. ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मि.मी. गेजसाठी बनवलेले आहेत. पांढुर्ण्याचा ब्रॉडगेज मार्ग ८७ ने भागला, तर १९.३ मि.मी. येतो. म्हणजे तयार रुळांवर पांढुर्ण्याची गाडी उभी केली, तर मार्ग प्रत्यक्षातील २४ सें.मी.ने अरुंद दिसेल. यावर दोन उपाय आहेत. एक, १९.३ मि.मी. अंतराचे रूळ हाताने घालणे. दुसरा, तेच तयार रूळ ठेवून प्रमाण सुमारे १:१०२ धरणे. पण मग माणसे, झाडे, मोटारी असे १:८७ चे तयार साहित्य शेजारी ठेवता येत नाही, कारण ते मोठे दिसते.

सौंसरच्या बाबतीत चित्र उलट आहे. ७६२ ला ८७ ने भागले, तर ८.७६ मि.मी. येतात आणि ९ मि.मी. अंतराचे रूळ बाजारात सहज उपलब्ध असतात. फरक पाव मि.मी.चा, प्रत्यक्षात दोन सें.मी.चा. तो डोळ्यांना जाणवत नाही. हे रूळ मुळात १:१६० या छोट्या प्रमाणासाठी असल्यामुळे त्यांचे स्लीपर मात्र फार बारीक आणि दाट असतात. ते काढून त्यांच्या जागी नॅरोगेजच्या मापाचे, योग्य अंतरावर बसवलेले स्लीपर घालावे लागतात. आडबाजूची म्हणून दुर्लक्षिलेली छोटी लाईन टेबलावर मात्र मुख्य मार्गापेक्षा अचूक उतरते, ती अशी.

गोव्यातील वाचकांना हाच हिशेब घरच्या मार्गाला लावता येईल. मुरगाव-कॅसलरॉक हा मार्ग १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत मीटरगेज होता. १,००० मि.मी.चे ८७ ने ११.५ होतात आणि त्यासाठी १२ मि.मी.चे रूळ मिळतात.

माप कोठून आणायचे?

गाडी धावत नसली, तरी मापे मिळवण्याचे मार्ग आहेत. नागपूरच्या मोतीबाग भागात २००२ मध्ये सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तेथे या गेजची इंजिने आणि डबे जवळून पाहता येतात. छोट्या लाईनवर अखेरच्या काळात ‘झेडडीएम’ वर्गातील डिझेल इंजिने धावत. या नावातील ‘झेड’ म्हणजे अडीच फुटी गेज, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही कामांसाठी. पुण्यातील कोथरूडमध्ये १९९८ पासून सुरू असलेले जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहिले, तर तयार प्रतिकृतीत रूळ, सिग्नल आणि वस्ती यांची मांडणी कशी करतात, याची कल्पना येते.

पाडलेल्या इमारतीचे माप छायाचित्रातूनही काढता येते. चित्रात मापाची एक तरी ओळखीची वस्तू हवी. विटांचे थर सर्वांत उपयोगी. जुन्या पद्धतीची वीट आणि सांध्यातील चुना किंवा सिमेंट मिळून एक थर साधारण साडेआठ सें.मी.चा धरला आणि भिंतीत ४० थर मोजले, तर उंची सुमारे ३.४ मीटर निघते. प्रतिकृतीत ती ३९ मि.मी. होईल. छायाचित्र समोरून घेतलेले नसेल, तर दूरचा भाग लहान दिसतो. म्हणून मोजणी शक्यतो सरळ समोरच्या चित्रावरच करावी.

संपूर्ण मार्ग उभारण्याचा मोह मात्र टाळावा लागतो. नागपूर-छिंदवाडा अंतर सुमारे दीडशे कि.मी.; १:८७ मध्ये तेही पावणेदोन कि.मी. होते. म्हणून एखादेच स्थानक निवडतात आणि त्यातील मोकळ्या जागा आखूड करतात. इमारती आणि गाड्यांची मापे मात्र बदलत नाहीत.

साहित्याची निवड

भिंतींसाठी पॉलिस्टायरीनचे पत्रे उत्तम. ते कटरने कोरून मोडता येतात आणि पातळ द्रावणाने जोडले की प्लास्टिक विरघळून सांधा एकजीव होतो. हे काम हवेशीर जागीच करावे. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये वापरला जाणारा सनबोर्ड मोठ्या भिंतींना चालतो, पण त्यावर बारीक नक्षी कोरता येत नाही. पुठ्ठा स्वस्त असला, तरी कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत तो वाकतो. त्यावर आधी दोन्ही बाजूंनी वार्निश किंवा प्रायमरचा हात द्यावा. एकाच बाजूने दिल्यास तो अधिकच वाकतो. थर्मोकोलची टेकडी हलकी होते, मात्र प्लास्टिक जोडणारी द्रावणे आणि स्प्रेचे बरेच रंग थर्मोकोल खातात. त्यामुळे त्याच्यासाठी फेविकॉल आणि पाण्यात मिसळणारे रंगच वापरावेत.

साहित्य निवडताना जो भागाकार केला, तोच उलटा करून पाहावा. प्रत्येक वस्तूला ८७ ने गुणावे. थ्रीडी प्रिंटरचा ०.२ मि.मी.चा थर किरकोळ वाटतो. गुणाकार केल्यावर तो १७ मि.मी.ची पायरी होतो. तेवढ्या पायऱ्या डब्याच्या पत्र्यावर कोठेच नसतात. म्हणून असा भाग पॉलिश पेपरने घासून, पुट्टी भरून, पुन्हा घासावा लागतो. शिवाय प्रिंटरचे नेहमीचे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडते. उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेला डबा त्यामुळे वाकडा होऊ शकतो.

हीच कसोटी स्वयंपाकघरातील वस्तूंनाही लावता येते. रुळांखालची खडी प्रत्यक्षात पाच-सहा सें.मी.ची, १:८७ मध्ये ती रव्याच्या दाण्याएवढी होते. तितक्या जाडीची दगडाची भुकटी चाळून घ्यावी, रुळांमध्ये पसरावी आणि पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे द्रावण खडीवर थेंब धरून न राहता आत झिरपते. सौंसरच्या परिसरात संत्र्याची बाग हवीच. चार-पाच मीटरचे झाड ४६ ते ५७ मि.मी.चे होते, तारेचे खोड आणि वाळक्या घोसाळ्याची जाळी यांतून ते साधते. फळांसाठी मोहरी घेतली, तर प्रत्येक संत्रे तेरा सें.मी.चे, म्हणजे पपनसाएवढे दिसेल. केशरी रंगवलेली खसखस योग्य मापाची ठरते. पन्हळी पत्र्यासाठी ॲल्युमिनियमची पातळ चकती ५ मि.मी. जाडीच्या नेहमीच्या आट्याच्या बोल्टवर दाबावी. त्याच्या आट्यांमधील ०.८ मि.मी. अंतर खऱ्या पत्र्याच्या लाटांशी जुळते.

रंग आणि जुनेपणा

रंगकामात बहुतेक प्रतिकृती बिघडतात, त्या रंगाच्या जाडीमुळे. ब्रशचा एक जाड हात ०.१ मि.मी.चा असला, तर प्रमाणात तो नऊ मि.मी.चा गिलावा ठरतो आणि पाव मि.मी.चे रिव्हेट त्याखाली बुजतात. प्रथम भाग साबणाच्या पाण्याने धुऊन हाताचा तेलकटपणा घालवावा, मग राखाडी प्रायमरचा पातळ थर द्यावा. प्रायमरमुळे रंग धरतो आणि घासायचे राहून गेलेले ओरखडेही उघडे पडतात. त्यानंतर ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वाळू देऊन, द्यावेत. एअरब्रश असल्यास उत्तम. नसल्यास रंग पातळ करून रुंद, मऊ ब्रशने काम भागते.

लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतात. म्हणून इंजिनाचा काळा निव्वळ काळा न घेता गडद राखाडी घ्यावा आणि इतर रंगांतही थोडा पांढरा मिसळावा. शेवटी चकाकी मारणारे मॅट वार्निश द्यावे, कारण चकाकी दिसली की डोळ्याला लगेच प्लास्टिक आठवते.

मग येतो वापराचा डाग. पातळ तपकिरी रंग खाचांत सोडून वरचा पुसला की फटींतील मळ दिसतो. जवळजवळ कोरड्या ब्रशने फिक्या रंगाचा हात फिरवला की कडांची झीज उठून येते. डाग मात्र कारणाशिवाय नसावा. गंज पाणी साचते तेथे, काजळी एक्झॉस्टच्या मागे आणि काळ्या मातीची धूळ चाकांच्या वर, खालून वर विरळ होत जाणारी.

प्रतिकृती पूर्ण झाल्यावर एक काम उरते. कोणते माप प्रत्यक्ष घेतले, कोणते छायाचित्रावरून काढले आणि कोणते अंदाजाने धरले, याची नोंद कागदावर करून ती प्रतिकृतीसोबत ठेवावी. छोट्या लाईनचे रूळ उखडले गेले आहेत, तिच्या खुणाही कमी होत जाणार आहेत. अशा वेळी उद्या कोणी याच प्रतिकृतीवरून सौंसरचे स्थानक समजून घेऊ पाहील. त्याला तिच्यातील कोणत्या मापावर विसंबायचे, हे त्या नोंदीवरूनच कळेल.