आधी बिदागी, मग पराक्रम

निकोलस ईम्स या कॅनेडियन लेखकाच्या ‘किंग्ज ऑफ द वाइल्ड’ (२०१७) या कादंबरीत राक्षस मारण्याचा धंदा रीतसर चालतो. तो करणाऱ्या भाडोत्री टोळ्यांना तिथे ‘बँड’ म्हणतात. बँडला एजंट असतो, दौरे असतात, जिवाला जीव देणारे चाहते असतात. तमाशाच्या फडाची सुपारी नारायणगावच्या राहुट्यांत ठरावी, तशी इथे लढाईची सुपारी ठरते.

‘सागा’ हा असाच एके काळी गाजलेला बँड. आता त्याची पार रया गेली आहे. क्ले कूपर गावच्या पहाऱ्यावर नोकरी करतो आणि संध्याकाळी बायको-मुलीकडे घरी येतो. मूग नावाचा जादूगार पौरुषवर्धक औषध विकून पोट भरतो. मॅट्रिक एका देशाचा राजा झाला आहे, पण त्याची राणीच त्याच्या जिवावर उठली आहे. गॅनेलॉन तर दगड होऊन पडला आहे. अशात त्यांचा जुना म्होरक्या गेब्रिएल फाटक्या अवस्थेत क्लेच्या दाराशी येतो. त्याची मुलगी रोझ दूरच्या एका शहरात अडकली आहे. शहराला राक्षसांचा वेढा आहे आणि वाटेत माणसाला सडवून मारणारे एक अफाट जंगल. सुटलेली पोटे आणि कुरकुरणारे सांधे घेऊन ही मंडळी पुन्हा एकत्र निघतात.

पैशासाठी लढणाऱ्या, कुठेच न बसणाऱ्या माणसांच्या टोळीची हसतखेळत सांगितलेली मारधाडीची गोष्ट हा इंग्रजी फँटसी आणि विज्ञानकथेतला एक भरभक्कम प्रवाह आहे. त्याच्या गमतीचे मूळ मजुरीत आहे. भव्य फँटसीतला नायक भविष्यवाणीने निवडलेला असतो. वाटेत त्याने काय खाल्ले, बुटांचे पैसे कोणी दिले, हे सहसा कोणी विचारत नाही. भाडोत्री सैनिक मात्र पहिला प्रश्न तोच विचारतो. आगाऊ रक्कम किती, उरलेली कधी आणि मालक मेला तर कोणाकडे मागायची? एकदा हा हिशेब मांडला की जगाचा उद्धार हेही एक काम होते. काम म्हटले की साहेब आला, सहकारी आले, थकलेला पगार आला आणि चेष्टामस्करीही आली.

खऱ्या इतिहासातही भाडोत्री सैनिकांची प्रतिमा दुहेरी आहे. मराठी वाचकाला गारदी म्हटले की १७७३ साली शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आठवतो. पण त्याआधी बारा वर्षे, पानिपतावर, मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत टिकून लढलेला तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा होता आणि तो आधी निजामाच्या पदरी होता. विकत घेतलेली निष्ठा कधी विकाऊ निघते आणि कधी अस्सल, हे आधी सांगता येत नाही. या कादंबऱ्यांचे कथानक याच अनिश्चिततेवर चालते.

साहित्यातली वंशावळ निदान १९३९ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी ‘अननोन’ या अमेरिकी मासिकात फ्रिट्झ लायबरने फाफर्ड आणि ग्रे माउसर या जोडीची पहिली कथा लिहिली. एक उत्तरेकडचा धिप्पाड रांगडा गडी, दुसरा ठेंगणा आणि बिलंदर चोर. दोघे मिळेल ते काम घेतात, मिळालेले पैसे उडवतात आणि पुन्हा कामाच्या शोधात निघतात. १९७० च्या ‘इल मेट इन लँखमार’ या दीर्घकथेत लायबरने त्यांची पहिली भेट रंगवली. दोघे पिऊन तर्र होऊन, भिकाऱ्यांची सोंगे घेऊन चोरांच्या संघाच्या मुख्यालयात घुसतात. प्रसंग पोट धरून हसवतो. ते परततात तेव्हा दोघांच्या प्रेयसी मारल्या गेलेल्या असतात. या कथेला नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

टोळी जमवण्याची पद्धत मात्र बऱ्याच अंशी सिनेमाने रूढ केली. अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’त (१९५४) गरीब शेतकरी पोटभर भाताच्या मोबदल्यात योद्धे शोधतात आणि चित्रपटाचा मोठा भाग या शोधातच जातो. त्यातून हॉलिवुडचा ‘द मॅग्निफिसन्ट सेव्हन’ (१९६०) आला. आपल्याकडे ‘शोले’तले (१९७५) जय-वीरू याच कुळातले. दोघे भुरटे गुन्हेगार, पैसे ठरवून रामगढला आलेले. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला आणि योद्धा, जादूगार, धर्मगुरू, पुढे चोर अशी कामाची वाटणी घराघरांतल्या टेबलांवर पोहोचली. आज या प्रकारात लिहिणाऱ्या अनेकांच्या डोक्यात हीच वाटणी पक्की बसलेली आहे.

या मालावर पहिला करडा हात फिरवला ग्लेन कुकने. जनरल मोटर्सच्या कारखान्यात नोकरी करता करता लिहिणाऱ्या कुकची ‘द ब्लॅक कंपनी’ १९८४ साली आली. निवेदक क्रोकर हा टोळीचा डॉक्टर आणि बखरकार. वाक्ये तुटक, वर्णने जेवढ्यास तेवढी. जगात दुष्ट आणि अतिदुष्ट यांचे युद्ध चालू आहे आणि कंपनीने करार केला आहे तो दुष्टांच्या बाजूने. सैनिक मात्र फावल्या वेळात ‘टोंक’ नावाचा पत्त्यांचा डाव मांडतात आणि वन-आय व गॉब्लिन हे दोन म्हातारे जादूगार एकमेकांच्या खोड्या काढण्यात आपली विद्या खर्च करतात. विनोद इथे काळा आहे आणि बराकीतला आहे. स्टीव्हन एरिक्सनने आपल्या अवाढव्य ‘मलाझन’ मालिकेवरचे कुकचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

विज्ञानकथेतला सर्वांत देखणा नमुना लॉइस मॅकमास्टर बुजोल्डच्या ‘द वॉरियर्स अप्रेंटिस’मध्ये (१९८६) सापडतो. माइल्स व्होरकोसिगन सतरा वर्षांचा, लढवय्या सरदार घराण्यातला. पण आईच्या पोटात असताना झालेल्या विषबाधेमुळे त्याची हाडे काचेसारखी ठिसूळ. लष्करी अकादमीच्या प्रवेश परीक्षेत तो भिंतीवरून उडी मारतो आणि पाय मोडून घेतो. मन रमवायला तो दुसऱ्या ग्रहावर आजीकडे जातो. तिथे मोडीत निघालेले एक जहाज आणि त्यात कोंडून घेतलेला वैमानिक भेटतो. माइल्सला दया येते. जहाज घ्यायला तो घराण्याची जमीन गहाण ठेवतो. ती जुन्या अणुहल्ल्याने किरणोत्सारी झाली आहे, एवढे मात्र समोरच्याला सांगत नाही.

पुढचे सारे कथानक हे कर्ज फेडण्याची धडपड आहे. फेडायचे तर माल वाहायला हवा, माल शस्त्रांचा निघतो, शस्त्रे युद्धक्षेत्रात न्यायची असतात. अडवणाऱ्यांवर उलटून मात करावी लागते आणि कैद्यांपुढे रुबाब राखण्यासाठी माइल्स ‘डेंडारी’ नावाच्या भाडोत्री आरमाराची थाप मारतो. कैदी ती खरी मानतात आणि त्यात भरती व्हायला तयार होतात. थाप वाढत जाते, जहाजे वाढतात आणि पगाराचा दिवस जवळ येतो. पगारासाठी हाती असलेल्या चलनाला धड किंमत उरलेली नसते. घरी परतल्यावर आणखी एक पेच उभा असतो, कारण त्याच्या देशात खासगी सैन्य बाळगणे हा राजद्रोह आहे. माइल्सच्या मालिकेतल्या तीन कादंबऱ्यांना पुढे ह्यूगो मिळाला.

रॉबर्ट ॲस्प्रिनची ‘फूल्स कंपनी’ (१९९०) याहून हलकीफुलकी. शस्त्रनिर्मात्या अब्जाधीशाच्या मुलाला शिक्षा म्हणून अंतराळ लीजनच्या सर्वांत टाकाऊ पलटणीवर नेमतात आणि तो स्वतःच्या पैशाने, व्यवस्थापन गुरूच्या थाटात तिचा कायापालट करतो. टेरी प्रॅचेटच्या ‘इंटरेस्टिंग टाइम्स’मध्ये (१९९४) कोहेन द बार्बेरियनची टोळी सात म्हाताऱ्यांची आहे. त्यातला एक पूर्वाश्रमीचा शाळामास्तर बाकीच्यांना सभ्य वागणुकीचे धडे देत असतो.

हे विनोद कामाचेही असतात. चांगल्या लेखकाकडे हाणामारी स्वभाव दाखवण्यासाठी येते. क्ले कूपरचे खरे शस्त्र ढाल आहे, तलवार नव्हे, कारण तो मूळचा राखणदार माणूस. प्रत्येकाचे काम वेगळे असल्याने दहा जणांच्या गोंधळातही कोण कुठे चुकला हे वाचकाला कळते. शिवाय हसवून जवळ आणलेले पात्र मरणाच्या दारात गेले की धक्का जास्त बसतो. औषधे विकणारा मूग आधी केवळ विदूषक वाटतो. वाटेतल्या त्या सडवणाऱ्या जंगलातल्या रोगाने त्याचा नवरा गेला आणि त्यावर उतारा शोधण्यात त्याने आयुष्य घातले, हे कळल्यावर त्याचे विनोद वेगळे ऐकू येतात.

साचाही लवकर दिसतो. एकाला एक लकब चिकटवायची आणि तिच्यावर तीनशे पाने काढायची, असे दुय्यम लेखक करतात. जुन्या पुस्तकांत बायका फार तर प्रेयसी किंवा चेटकीण. ईम्सने दुसऱ्या भागात, ‘ब्लडी रोझ’मध्ये (२०१८), सूत्रे गेब्रिएलच्या मुलीच्या हाती दिली आणि गोष्ट टॅम या खानावळीत काम करणाऱ्या तरुणीच्या नजरेतून सांगितली. जो ॲबरक्रॉम्बीच्या ‘द डेव्हिल्स’मध्ये (२०२५) तर दहा वर्षांची मुलगी पोप आहे आणि तिच्या हुकमावरून एक भेदरलेला साधू रक्तपिपासू पिशाच, लांडगी होणारी बाई, प्रेतविद्या जाणणारा जादूगार असा लवाजमा घेऊन एका चोरट्या पोरीला ट्रॉयच्या सिंहासनावर बसवायला निघतो.

नव्या वाचकाने सुरुवात ‘किंग्ज ऑफ द वाइल्ड’ने करावी, त्याला आधीची कोणतीही मालिका वाचलेली असावी लागत नाही. अंतराळ आवडत असेल तर माइल्सपासून. ‘द ब्लॅक कंपनी’ तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेली बरी. कुक कोणाचीही ओळख करून देत नाही, पहिली पन्नास पाने नावे आणि गावे अंगावर येतात. पण तोवर वाचक दोन टोळ्यांबरोबर फिरून आलेला असतो आणि मागच्या बाकावर बसून पत्त्यांचा डाव पाहायची त्याला सवय झालेली असते.