ऐषआरामाची जुनी मोटार : रोजच्या वापरास कितपत योग्य?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण रूढ झाली त्या काळी मोटार नव्हती. असती, तर ‘जुनी मोटार पाहावी घेऊन’ असे तिसरे कलम तीत खात्रीने आले असते. हल्ली आपल्या समाजातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांपुढे हा प्रश्न आहे. मुले पुण्या-मुंबईस स्थिरावलेली, गृहस्थ निवृत्तीच्या उंबरठ्यावर, पदरी थोडी शिल्लक. आणि अशा वेळी ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीझ वा व्होल्व्हो यांपैकी एखादी आटोपशीर बांध्याची, उंच बैठकीची मोटार, जिला बाजारात ‘कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्ही’ म्हणतात ती, मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी दरात समोर येते. ती घ्यावी की न घ्यावी, याचा विचार बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबाच्या दृष्टीने येथे करावयाचा आहे.

प्रथम आपला मुलूख पाहू. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असूनही बुलढाण्यास रेल्वे नाही. गाडी धरावयाची तर घाट उतरून मलकापूर, नांदुरा अथवा शेगाव गाठावे लागते. तालुकेही लोकांच्या बोलण्यात ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असे दोन तऱ्हेचे. बुलढाण्याहून मलकापुरास जाताना राजूर घाटाची वळणे, खामगावास जाताना बोथ्याचे जंगल, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यात वैशाखातील भाजून काढणारे ऊन. शिवाय मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. एवंच, एकाच मोटारीने गावातील गतिरोधक, घाटाची चढण आणि ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेचा महामार्ग, तिन्ही सांभाळावयाचे आहेत.

या मोटारींच्या बाजूने जे बोलावयाचे ते प्रथम बोलू. त्यांचा खरा गुण डामडौल हा नसून सुरक्षितता हा आहे. युरोपातील अपघात-चाचण्यांत बीएमडब्ल्यूच्या ‘एक्स १’ ला २०१५ साली, तर ऑडीच्या ‘क्यू ३’ ला आणि व्होल्व्होच्या ‘एक्ससी ४०’ ला २०१८ साली पाच तारे मिळाले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजानजीक समृद्धीवर एक खासगी बस उलटून पेटली व पंचवीस प्रवासी दगावले. तेव्हापासून वाहनाची सुरक्षितता हा आपल्या जिल्ह्यात केवळ जाहिरातीतील शब्द राहिलेला नाही. वृद्ध आईवडिलांस घेऊन रात्री-अपरात्री नागपूरच्या इस्पितळाची वाट धरण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो, त्यांना भक्कम सांगाडा, खात्रीचे ब्रेक आणि पाठीस न शिणविणारी बैठक यांचे मोल सांगावयास नको.

आता दुसरी बाजू. या खरेदीतील मर्म एका वाक्यात सांगता येते : मोटारीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची मोटार पंधरा लाखांस मिळाली, तरी तिचा पुढचा दिवा, गिअरपेटीतील यंत्रणा अथवा झटके शोषणारे दांडे हे चाळीस लाखांच्या मोटारीचेच राहतात व त्याच भावाने घ्यावे लागतात. पहिल्या मालकाने किमतीची घट सोसली. दुरुस्तीचे वय मात्र दुसऱ्या मालकाच्या वाट्यास येते. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील दीडशे जणांनी मिळून एकाच वेळी सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीझ मोटारी घेतल्या, त्याची वार्ता देशभर गाजली. कायद्याने खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या मोटारींची ती मुदत २०२५ च्या अखेरीस भरली. वाजतगाजत आलेल्या वाहनासही पुनर्नोंदणीच्या रांगेत उभे राहावेच लागते, हे जुनी मोटार घेणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

म्हणून मोटार पाहण्याआधी तिचा वैद्य पाहावा. ज्या कंपनीची मोटार घ्यावयाची तिचे अधिकृत सेवाकेंद्र कोठे आहे? आपल्याकडील कुटुंबास ते बहुधा छत्रपती संभाजीनगर अथवा नागपूर असे दूरचेच पडते. ऑडीच्या मोटारींची जुळणी संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे होते आणि मर्सिडीझच्या पुण्याजवळ चाकणला; पण जुळणी जवळ होते म्हणून दुरुस्ती जवळ होते असे नाही. बुलढाण्याहून संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या घरात. संगणकाने दोष शोधावा लागणारी मोटार बंद पडली, तर ती दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावयाची, भाग येईपर्यंत आठवडा काढावयाचा आणि तोवर घरातील माणसांनी एस.टी. गाठावयाची. घरात दुसरे वाहन असेल तर हे निभावते; एकुलती एक मोटार असेल तर गृहस्थाचा रोजचा क्रमच मोडतो.

यानंतर ‘रोजचा वापर’ म्हणजे काय, याची व्याख्या प्रत्येकाने आपल्यापुरती करावी. गावातल्या गावात घर, कचेरी व भाजीबाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर अलीकडची डिझेल मोटार घेऊ नये. तिच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी इंजिन काही काळ एकसारख्या वेगाने तापावे लागते. तसे न घडल्यास गाळणी तुंबते, आणि ती बदलण्याचा खर्च मोठा असतो. उलट रोज चिखली-मेहकरकडे जावयाचे असेल, तर डिझेल चालेल. पेट्रोलची मोटार घेतल्यास, आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते हे विसरू नये. टाकीच्या झाकणावरील सूचना व मालकाची पुस्तिका वाचून मोटारीस ते मानवते की नाही याची खात्री करावी.

इंधनाचा हिशेबही मांडून पाहावा. बुलढाणा-चिखली जाऊन-येऊन सुमारे ४६ किलोमीटर. वर्षातून ३०० दिवस धरल्यास १३,८०० किलोमीटर होतात. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या मोटारीस ११५० लिटर लागतील, १८ देणाऱ्या साध्या मोटारीस ७६७. लिटरला शंभर रुपये धरले तरी फरक वर्षास अडतीस हजारांचा. विमा, टायर व नियमित तेलबदल यांचा वाढीव खर्च याहून निराळा.

प्रत्यक्ष पाहणी भर दिवसा, मोटार धुतलेली नसताना करावी. इंजिन थंड असता स्वतः सुरू करून आवाज ऐकावा. टायरवर कोरलेले चार आकडे वाचावेत : २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर उन्हाने तापलेल्या काँक्रीटच्या महामार्गावर विश्वासाचे नव्हे. मागचे दार उघडून जादा चाक आहे की नाही ते पाहावे; काही मोटारींत ते नसतेच, आणि तशी मोटार रात्री लोणारच्या आडरस्त्यावर पंक्चर झाली तर पंचाईत होते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ नाही ना, बैठकीखालील लोखंड गंजलेले नाही ना, हेही तपासावे. पुराच्या पाण्यात बुडालेली मोटार रंगाने फसविते, गंजाने नाही. पोट भरलेली मोटार, म्हणजे पाच माणसांसह, आपल्याच गल्लीच्या गतिरोधकावरून नेऊन पाहावी. जमिनीपासूनच्या उंचीचे छापील आकडे वाचण्यापेक्षा ही परीक्षा खरी. शेवटी शंभर-दोनशे रुपयांचा मोह न धरता, किंबहुना काही हजार मोजूनही, अधिकृत सेवाकेंद्रात तपासणी करवावी आणि मागील सर्व दुरुस्त्यांची नोंद मागावी. नोंद नसलेली स्वस्त मोटार ही नोंद असलेल्या महाग मोटारीहून महाग पडते.

कागदपत्रांत संकोच नको. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. परराज्यातील मोटारीस नमुना २८ चा ना-हरकत दाखलाही लागतो आणि आपल्या राज्याचा कर भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडील मोटारी इकडे स्वस्तात दाखविल्या जातात. त्यांच्या किमतीत हा कर मिळवून मगच तुलना करावी. विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांच्या आत करवावे. पूर्वीच्या मालकाची ‘दावा न केल्याची’ सवलत त्याच्याबरोबर जाते, आपल्यास मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोटारींवरील करांचे दर बदलले असून मोठ्या मोटारींवरील एकूण भारही कमी झाला आहे. तेव्हा विक्रेता जुन्या भावाचा आधार देत असेल तर त्यास नव्या भावाची आठवण करून द्यावी.

तात्पर्य, अशी मोटार घेणे हा वेडेपणा नव्हे. परंतु तिला तीन अटी आहेत. सेवाकेंद्राशी संबंध ठेवण्याची तयारी असावी, अडल्या वेळी घरात दुसरे साधन असावे, आणि खरेदीच्या रकमेचा निदान सहावा हिस्सा दुरुस्तीसाठी निराळा काढून ठेवावा. पंधरा लाखांची ऐपत असलेल्याने बाराची मोटार घेऊन अडीच-तीन लाख बँकेत ठेवले, तर तो सुखाने फिरेल. पंधराही लाख मोटारीत घातले, तर पहिल्याच मोठ्या दुरुस्तीस मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडण्याची पाळी येईल. ज्यांस या तिन्ही अटी पाळता येत नाहीत, त्यांनी त्याच पैशांत आपल्या तालुक्यातील कारागिरास उमगणारी, नवी व साधी मोटार घ्यावी आणि ती घेताना मुळीच कमीपणा मानू नये. दारातील मोटारीवरून घराची प्रतिष्ठा ठरत नाही; ती सकाळी हाकेसरशी सुरू होते की नाही, यावर मात्र घरातील माणसांचा दिवस ठरतो.