खेळणी घेण्याआधी जमीन बघा



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक रंगीत पुस्तिका हातोहात फिरत होती. अंगणवाडीशेजारच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी बाग करायची ठरली आहे. काही पैसे ग्रामपंचायतीचे, काही आमच्या गटांनी जमवलेले. पुस्तिकेत एक लाल-पिवळा सेट होता. दोन घसरगुंड्या, वर छप्पर, बाजूला बोगदा. बघताक्षणी सगळ्यांना तोच आवडला. सरपंचांनाही तोच हवा होता, कारण फोटोत छान दिसतो. मी मात्र गप्प बसले, कारण मला जुनी बाग आठवत होती.

सात वर्षांपूर्वी आमच्याच गावात अशी बाग झाली होती. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या उन्हाळ्यात प्लास्टिकची घसरगुंडी तडकली. तिसऱ्या वर्षी झोक्याची साखळी तुटली आणि माझी पुतणी खाली पडली. दुसरीत होती ती. खाली स्वच्छता राहावी म्हणून शहाबादी फरशी बसवलेली होती. मनगटाजवळचं हाड मोडलं. ज्याच्याकडून खेळणी घेतली त्याचा फोन लागेना. झोका काढून ठेवला तो कायमचाच. आता तिथे नुसता सांगाडा उभा आहे आणि त्यावर गोधड्या वाळत पडतात.

म्हणून यावेळी मी म्हटलं, पैसे देण्याआधी पंधरा दिवस थांबू. त्या पंधरा दिवसांत जे वाचलं, विचारलं, फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन बघितलं, ते आज तुम्हाला सांगते. तुमच्या गावात, सोसायटीत किंवा घरच्या अंगणात खेळणी घ्यायची असतील तर उपयोगी पडेल.

आधी मुलांकडे बघू. घसरगुंडी तीन वर्षांच्या मुलाला फार आवडते. पण ती खेळायची रीत एकच. चढा आणि घसरा. सहाव्या-सातव्या वर्षी मुलं घसरगुंडीवरून उलटी चढायला लागतात आणि आपण ओरडतो. तो खोडसाळपणा नसतो, त्यांना आता अवघड काहीतरी हवं असतं. झोक्याचं तसं नाही. तीन वर्षांचं पोर आईने ढकललं की खुश. सहा वर्षांचं स्वतः झोका चढवायला शिकतं. दहा-अकराच्या मुली शेजारशेजारच्या झोक्यांवर बसून हळूहळू हलत तासभर गप्पा मारतात. नागपंचमीला झाडाला झोका बांधला की आपणही बसतोच की. वाळूचंही तसंच. छोटी मुलं वाटीने वाळू भरतात आणि ओततात. दिवाळीत किल्ला करणारी मुलं वाळूत वर्षभर बुरूज, बोगदे, पाट करतात. लटकायच्या बारला धाकटी नुसती लोंबकळतात, मोठी कोलांटी घेतात.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे आजूबाजूला मिळणाऱ्या साध्या वस्तूंमधूनच मुलांसाठी साधनं घडवली गेली. महाग वस्तूच हवी असं मुलांचं कधीच म्हणणं नसतं. एका वस्तूचे दहा उपयोग करता आले की ती वस्तू टिकली.

तेव्हा माझा क्रम असा: वाळू, झोका, बार, आणि पैसे उरले तर घसरगुंडी. लोक बरोबर उलट्या क्रमाने खरेदी करतात.

आता जमिनीचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नव्हती. मूल पडणारच. पडू नये म्हणून खेळणं काढून टाकायचं नसतं, पडल्यावर हाड मोडू नये अशी जमीन करायची असते. फरशी, काँक्रीट, डांबर तर नकोच, पण आपल्याकडची चोपून बसलेली मुरमाची जमीनही तितकीच वाईट. वर उगवलेल्या गवतावरही भरवसा नको. झोक्याखालचं गवत महिन्याभरात जातं.

अमेरिकेत सरकारचा ग्राहक-सुरक्षा आयोग आहे. सार्वजनिक बागांसाठी त्यांची पुस्तिका आहे. तिच्यात दिलंय की नऊ इंच दबलेली वाळू चार फुटांपर्यंतच्या उंचीवरून पडलेल्या मुलाला सांभाळते. तेवढ्याच जाडीच्या लाकडाच्या ढलप्या दहा फुटांपर्यंत सांभाळतात. मलाही आश्चर्य वाटलं, मी वाळूच सगळ्यात चांगली समजत होते. आणि ही नऊ इंच म्हणजे दबल्यानंतरची. टाकताना पूर्ण फूटभर टाकायची.

झोक्याची उंची मोजायची ती बसायच्या फळीपासून नाही, वर जिथे साखळी अडकवलेली असते तिथून. ही आडवी पाइप जमिनीपासून आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा फूट आणि मागे सोळा फूट जागा मऊ हवी, म्हणजे उंचीच्या दुप्पट. दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट. दोन फळ्यांचा झोका साधारण आठ फूट रुंद धरा. हिशोब आपल्याला येतोच: बत्तीस फूट गुणिले वीस फूट, फूटभर जाडीने सहाशे चाळीस घनफूट. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तर जवळजवळ साडेसहा ब्रास माल. आता तोच झोका सहा फूट उंचीचा घ्या. चोवीस गुणिले वीस, चारशे ऐंशी. पाच ब्रासच्या आत. बैठकीत मी हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "म्हणजे झोका स्वस्त आणि त्याच्याखालचं अंथरूण महाग!" अगदी तसंच आहे. म्हणूनच विक्रेते त्याबद्दल बोलत नाहीत.

वाळू घ्यायची तर रीतसर पावतीची, गोल दाण्याची. क्रश सँड नको, तिच्यात भुकटी असते, पाऊस पडला की ती बसून कडक होते. ढलप्या लाकडाच्या वखारीत मिळतात, पण खिळे आणि मोठे टोकदार तुकडे निवडून घ्यावे लागतात. पावसाळ्यात त्या कुजतात, दरवर्षी थोडी भर घालावी लागते. वाळवीकडेही लक्ष हवं. खड्ड्याच्या तळाशी खडीचा थर आणि पाणी जायला एक चर काढा, नाहीतर जुलैमध्ये तळं होईल. खेळायच्या वाळूच्या हौदावर रात्री जुनी ताडपत्री टाका, मांजरं आणि कुत्री घाण करतात.

खड्डा खणला की माती निघते. ती ट्रॉलीने बाहेर टाकू नका. तिचा उंचवटा करा आणि घसरगुंडी त्या उतारावर टेकवा. शिडी नाही, वरून पडायची भीती नाही, आणि घसरगुंडी नसली तरी मुलं त्या टेकाडावरून लोळतात, पळतात, वर बसून राज्य करतात. सगळ्या चौकशीत मला हीच गोष्ट सर्वांत आवडली. पत्र्याची घसरगुंडी असेल तर तोंड उत्तरेला करा किंवा लिंबाच्या सावलीत ठेवा. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता तिच्यावर हाताची पाठ ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर मुलाच्या उघड्या पोटऱ्यांचं काय होईल! फायबरची चालेल, पण वरचा थर झिजला की आतले काचेचे बारीक तंतू टोचतात. तशी झाली की वापर बंद.

लोखंडाकडे येऊ. फॅब्रिकेशनवाला "जाड पाइप" म्हणतो, तेवढ्यावर समाधान मानू नका. जीआय पाइपचे ए, बी, सी असे वर्ग असतात आणि त्यावर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. निळा तरी हवाच. दोन इंची निळ्या पट्ट्याचा पाइप मीटरला साधारण पाच किलो भरतो, पिवळा चारच्या आसपास. वजनकाटा आपल्या गावातही आहे. पाइपची तोंडं बंद हवीत, आत पाणी गेलं की आतून गंज खातो. गंज नेहमी जमिनीलगत धरतो, रंग मात्र लोक वर लावतात. पायाचं काँक्रीट वाळूच्या खाली दडलेलं हवं, वर आलेल्या कडेवर डोकं आपटतं.

साखळीची कडी अशी घ्या की मुलाचं बोट आत शिरणार नाही. वरचे आकडे पूर्ण मिटलेले हवेत. फटीत रुपयाचं नाणं शिरलं तर हातोडीने मिटवून घ्या. आमची जुनी साखळी आकड्यापाशीच झिजून तुटली होती. तिथे बेअरिंग असतं तर झीज कमी झाली असती. फळी रबराची असावी. लोखंडी किंवा जड लाकडी फळी रिकामी झुलत आली तर मागच्या मुलाचं कपाळ फोडते. एका चौकटीत दोनच फळ्या, तिसरी बसते म्हणून बसवू नका.

रंगाचंही विचारा. घरगुती रंगांमध्ये शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे, पण तो कारखान्यात वापरायच्या रंगांना लागू नाही. वर्कशॉपमध्ये नेमका तोच रंग हाताशी असतो. मुलं दांड्याला तोंड लावतात, तेव्हा डब्यावरचं वाचूनच रंग लावू द्या.

कठड्यांच्या फटी टेपने मोजा. साडेतीन इंचांपेक्षा लहान फटीतून मुलाचं अंग जात नाही. नऊ इंचांपेक्षा मोठ्या फटीतून डोकंही निघतं. मधल्या मापाची फट धोक्याची. पाय आणि धड खाली सरकतं, डोकं अडकतं. ओढणी, गळ्यातला दोरा, दप्तराचा पट्टा घसरगुंडीच्या टोकाला अडकू शकतो, म्हणून बागेत शिरतानाच एक खुंटी लावून तिथे सगळं काढून ठेवायची सवय लावा. चढायची दोरी लावली तर तिची दोन्ही टोकं घट्ट बांधा. लोंबत्या दोरीचा फास होतो.

जुने टायर फुकट मिळतात म्हणून घेतले जातात. घ्या, पण ज्यातून स्टीलची तार डोकावते ते नकोत, आणि खालच्या बाजूला भोकं पाडा. पाणी साठलं की डेंग्यूचे डास. सी-सॉच्या दोन्ही टोकांखाली अर्धा टायर पुरला तर दणका बसत नाही आणि पाय चिरडत नाही.

आता माझी पुतणी सहावीत आहे. मी तिला विचारलं, नव्या बागेत काय हवं? ती म्हणाली, "काकू, बसायला जागा. आणि मुलं हाकलणार नाहीत असा झोका." मला वाईट वाटलं, कारण ती जुन्या बागेत त्या पडण्यानंतर गेलेलीच नाही असं मी समजत होते. ती जायची. मोठी मुलं उठवायची म्हणून जाणं सोडलं. दहाव्या-अकराव्या वर्षानंतर आपल्या मुली मैदानावर दिसेनाशा होतात आणि आपण म्हणतो, त्या मोठ्या झाल्या. म्हणून दोन झोके दोन वेगळ्या कोपऱ्यांत घ्यावेत, आणि त्यातला एक घरांच्या बाजूला, दिव्याखाली. जवळ सागरगोटे खेळता येतील असा सपाट ओटा. एक बार लहानांच्या छातीइतका, वाळूवर. दुसरा मोठ्यांच्या उंचीचा, ढलप्यांवर. आमच्या गावात एक मुलगा चालू शकत नाही. त्याच्या आईने सांगितलं, पाठ आणि पट्टा असलेली एक फळी आणि कमरेइतक्या उंचीवर वाळूचं एक टेबल पुरेल. टेबल म्हणजे काय, चार पाय लावलेलं मोठं घमेलंच.

दर मागवताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: पाइपचा वर्ग, साखळी व बेअरिंग सुटं मिळेल का, आणि शेवटचा हप्ता बसवून झाल्यावर तीन महिन्यांनी. या शेवटच्या अटीवर आमच्याकडच्या दोन विक्रेत्यांनी माघार घेतली. बरं झालं, त्यांची परीक्षा फुकटात झाली.

आमचं ठरलंय असं: सहा फुटी दोन झोके, वाळूचा हौद, दोन बार, मातीचं टेकाड. लाल-पिवळा सेट नाही. सरपंचांना टेकाडावर झेंड्याची काठी लावायचं कबूल करून घेतलंय, फोटो तिथे निघेल. उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात, साखळ्या आणि ढलप्यांसाठी. दर सोमवारी एका गटाची पाळी: आकडे बघायचे, झोक्याखालचा खड्डा दाताळ्याने बुजवायचा, बेअरिंगला महिन्यातून एकदा ग्रीस.

ढलप्यांची पहिली ट्रॉली येत्या गुरुवारी येते आहे. खिळे निवडायला हात लागतील. ज्यांच्याकडे दाताळं आणि जाड हातमोजे आहेत त्यांनी घेऊन या.