शाळेत न गेलेल्या आजींची परीक्षा

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवार, ओपीडी भरलेली. एका मुलाने सत्तरीतल्या आईला माझ्यासमोर स्टुलावर बसवलं. ''डॉक्टर, हिला हल्ली काही आठवत नाही. काही विचारलं की नुसती बघत बसते.'' मी ड्रॉवरमधून स्मरणशक्ती तपासण्याचा ३० गुणांचा कागद काढला. आज तारीख काय? साल कोणतं? १०० मधून ७ वजा करा, उरले त्यातून पुन्हा ७... एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेल्या या दोन पंचकोनांसारखं चित्र काढा. आजींनी पेन हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि टेबलावर परत ठेवलं. ३० पैकी ११ गुण. मी केसपेपरवर 'डिमेन्शिया' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्याच वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. पत्नीचं म्हणणं, ''यांचं काहीतरी बिघडलंय. एकच वीजबिल दोनदा भरून आले.'' सरांनी सगळी वजाबाकी न अडखळता केली, सुवाच्य अक्षरात वाक्य लिहिलं. २८ गुण. ''वयोमानाने होतं थोडं विसरायला,'' असं सांगून मी त्यांना घरी पाठवलं. वर्षभराने सर स्वतःच्या पेठेतच वाट चुकले. पोलिसांनी घरी आणून सोडलं.

माझे दोन्ही निकाल चुकले होते.

आजींचं खरं कारण आमच्या समाजसेवा अधीक्षक बाईंना कळलं. त्या वॉर्डात नुसत्या शेजारी बसून गप्पा मारतात आणि आम्हाला अर्ध्या तासात जे कळत नाही ते त्यांना कळतं. आजींना दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी नवरा गेला होता, तेव्हापासून जेवण तुटलं होतं, झोप पहाटे तीनला मोडत होती. आणि त्या आयुष्यात एकही दिवस शाळेत गेल्या नव्हत्या. कानातला मळ काढला, यंत्र बसवलं, बी-१२ची इंजेक्शनं दिली, नैराश्याचं औषध सुरू केलं. तीन महिन्यांनी आजी आल्या, तेव्हा गावातल्या कोणत्या घराकडे दुधाचे किती पैसे राहिलेत ते त्यांनी मला तोंडपाठ सांगितलं.

तो कागद वाईट नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तो तयार केला. पाच-दहा मिनिटांत होणारी चाचणी म्हणून जगभर पसरला. पण त्यातले बरेच गुण शाळेने शिकवलेल्या गोष्टींना आहेत. वाचणं, लिहिणं, आकृती उतरवणं, तोंडी वजाबाकी. ज्या आजीने आयुष्यभर पेन धरलं नाही, तिचे गुण मेंदू धडधाकट असतानाही जातात. उलट चाळीस वर्षं फळ्यावर गणितं सोडवलेल्या सरांचा मेंदू बराच पोखरला गेला, तरी जुन्या सवयीवर ते पास होतात.

ही अडचण १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढला संशोधकांसमोर आली. भारत आणि अमेरिका यांच्या संयुक्त प्रकल्पात २८ गावांतल्या पंचावन्नच्या पुढच्या ५ हजारांहून अधिक लोकांची तपासणी करायची होती आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश निरक्षर होते. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षाच नव्याने बसवली. 'एक वाक्य लिहा' ऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा'. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा'. १०० मधून ७ ऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणा. वाचायला सोपं वाटतं. पण प्रत्येक बदल गावात करून बघून, पुन्हा सुधारून घ्यावा लागला होता.

त्या गावांत अल्झायमरचं प्रमाण अगदी कमी निघालं, पासष्टीच्या पुढे शंभरात जेमतेम एक. यावर पुष्कळ चर्चा झाली. एक कारण मला ओपीडीत रोज दिसतं, म्हणून ते पटतं. डिमेन्शिया म्हणायचं तर रोजच्या कामात घसरण दिसायला हवी. पण आपल्या घरात ऐंशीच्या आजीकडून काय काम अपेक्षित असतं? ताट समोर येतं, औषध सून हातावर ठेवते, देवळात नातू घेऊन जातो. बँकेचं पुस्तक मुलाकडे. आजी काय विसरली ते कळायला तिच्यावर काही सोपवलेलं असायला हवं. मायेने झाकलेला आजार कोणत्याच तक्त्यात येत नाही.

पुढे '१०/६६' नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने हे आकड्यांत दाखवलं. डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, म्हणून हे नाव. तमिळनाडूत वेल्लोरजवळच्या गावांमध्ये त्यांनी त्याच माणसांना दोन निकष लावले. प्रचलित अमेरिकी निकषापेक्षा, कमी शिकलेल्यांसाठी बेतलेल्या निकषाने रुग्णांची संख्या कित्येक पटींनी वाढली. गाव तेच, म्हातारी माणसं तीच, फक्त मोजपट्टी बदलली.

आज देशासाठी जो आकडा धरला जातो तो २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतला. साठीच्या पुढे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. ४ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या चाचण्या झाल्या, सोबत घरच्यांच्याही मुलाखती घेतल्या आणि दोन्हींचा विचार करून डॉक्टरांनी निदान ठरवलं. स्त्रियांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त निघालं. कमी शिक्षण हा यातला एक मोठा धागा आहे. लहानपणी मेंदूला मिळालेला व्यायाम म्हातारपणी पुंजीसारखा कामी येतो.

ही पुंजी फक्त शाळेतच जमते असं मात्र नाही. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या (२०१३). दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि हा फरक निरक्षरांमध्येही दिसला. नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे, त्याला मर्यादा आहेत. पण सोलापूरच्या एखाद्या गल्लीत घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारणीशी कन्नड बोलणारी बाई बघितली की मला तो अभ्यास आठवतो.

लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाशी निगडित, बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी हाताळता आली तर जवळपास ४५ टक्के रुग्णांत आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज. त्यात लहानपणीचं शिक्षण आहे. आजींच्या बाबतीत ती गाडी केव्हाच गेली. पण बहिरेपण, अधू नजर, नैराश्य, एकटेपणा, रक्तदाब आणि मधुमेहही त्याच यादीत आहेत आणि यातलं पुष्कळ जिल्हा रुग्णालयात होतं. मोतीबिंदू तर फुकट निघतो. कानाच्या यंत्राबद्दल अमेरिकेत ९७७ ज्येष्ठांवर तीन वर्षं प्रयोग झाला (२०२३). सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बौद्धिक घसरणीत फरक दिसला नाही. मुळात जास्त धोका असलेल्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. यंत्र घेतलं की स्मृती शाबूत, असं कुणी विकायला आलं तर विश्वास ठेवू नका. पण ऐकू येत नसलेल्या माणसाला यंत्र द्यायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि तसंही, चारचौघांतलं बोलणं ऐकू यावं हे कारण कमी आहे का?

नैराश्याचं विस्मरण आणि डिमेन्शियाचं विस्मरण यांत एक फरक बऱ्याचदा दिसतो. नैराश्यात माणूस स्वतःच तक्रार करतो. ''मला काही आठवत नाही, विचारूच नका.'' उत्तर शोधायचा प्रयत्नही करत नाही. डिमेन्शियात तक्रार घरच्यांची असते. पेशंट हसून वेळ मारून नेतो, ''हल्ली पेपर वाचत नाही हो, तारीख कोण लक्षात ठेवणार!'' नियम म्हणून हे घेऊ नका, दोन्ही आजार एकत्रही नांदतात. थायरॉइड, बी-१२ची कमतरता (शाकाहारी मंडळींत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत विशेष), झोपेच्या गोळ्या, सर्दीची आणि लघवी आवरण्याची काही औषधं यांनीही डोकं जड होतं. हे सगळं साध्या तपासणीत सापडतं. आणि काल-परवापर्यंत ठीक असलेलं माणूस दोन दिवसांत बरळायला लागलं, तर तो डिमेन्शिया समजून घरी ठेवू नका. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, सोडियम घसरणं, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

मी अजूनही चाचणी घेतो. पण आधी विचारतो, ''मावशी, तुमच्याकडे आठवड्याचा बाजार कधी? एकादशी झाली का? चहा कोण करतं?'' आणि घरच्यांना विचारतो, वर्षापूर्वी ही जे करत होती त्यातलं आज काय सुटलं? जेवण झालं तरी पुन्हा जेवायला मागते का? गावात वाट चुकते का? भाजीत मीठ दोनदा पडतं का? सरांच्या पत्नीने मला नेमकं हेच सांगितलं होतं, वीजबिलाचं. मी ते लिहूनही घेतलं नव्हतं.

पेशंटला घेऊन याल तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेलीसुद्धा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी विसरू नका. सरकारी 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. रात्री-अपरात्री हात टेकले असतील तर फोन करा. आणि एक. बहुतेक वेळा मुलगा सुट्टी काढून आईला घेऊन येतो. मी विचारतो, रात्री किती वेळा उठते, आंघोळीला मदत लागते का. तो म्हणतो, ''ते बायकोला विचारावं लागेल.'' ती घरी असते. तिलाही आणा, आणि शक्य असेल तर तिच्याशी मला पाच मिनिटं वेगळं बोलू द्या.