माथेरानमधील जुन्या घरांच्या खिडक्या : बदल की दुरुस्ती?
(ऊर्जाबचतीच्या दृष्टीने एक विवेचन)

प्रस्तावना

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या १८५० मधील भेटीनंतर माथेरानचा गिरिस्थान म्हणून विकास सुरू झाला. पुढे १९०७ मध्ये नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. या काळात येथे उभ्या राहिलेल्या बंगल्यांना रुंद व्हरांडे आणि लाकडी खिडक्या होत्या. आज अशा खिडक्या काढून तेथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविण्याकडे कल दिसतो. त्यामुळे ऊर्जेची बचत होते, असे सांगितले जाते. हे विधान माथेरानच्या हवामानात कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उष्णतेचा हिशेब

खिडकीतून उष्णता तीन मार्गांनी आत येते : काचेतून होणारे वहन, थेट ऊन आणि फटींतून शिरणारी हवा. १.८ चौ.मी. क्षेत्रफळाची एक खिडकी उदाहरणादाखल घेऊ. आतबाहेरच्या तापमानात ५ अंश सेल्सिअसचा फरक असता एकेरी काचेतून वहनाने सुमारे ५१ वॅट, तर दुहेरी काचेतून सुमारे २५ वॅट उष्णता आत येते. म्हणजे बचत अवघी २६ वॅट. उलट त्याच खिडकीवर दुपारी दर चौ.मी. ५०० वॅट इतके ऊन पडते असे मानल्यास एकेरी काचेतून सुमारे ७६५ वॅट उष्णता आत शिरते. साधी दुहेरी काचही त्यातील थोडाच भाग अडवते. छज्जा, व्हरांडा वा बाहेरील झिलमिलीची झडप मात्र हे ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही.

युरोपात हिवाळ्यातील तापमानाचा फरक मोठा असतो आणि घरे महिनोन्महिने तापवावी लागतात. तेथे दुहेरी काच लाभदायक ठरते. माथेरानात मुख्य प्रश्न ऊन, दमटपणा आणि पाऊस यांचा आहे.

वायुवीजनाचा प्रश्न

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या इको-निवास संहिता २०१८ नुसार उष्ण-दमट हवामानात उघडता येणारे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के असावे लागते. याच संहितेत बिजागरीच्या खिडकीचे ९० टक्के, तर दोन झडपांच्या सरकत्या खिडकीचे ५० टक्के क्षेत्र उघडे धरले जाते. अर्थात बिजागरीची खिडकी काढून त्याच चौकटीत सरकती बसविली, तर वारा जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि वारा कमी झाला की पंखा व वातानुकूलन यंत्रावरील अवलंबित्व वाढते. शिवाय एक किलो ॲल्युमिनियम धातुरूपात आणण्यासाठी साधारण १३ ते १५ युनिट वीज खर्च होते, ती वेगळीच.

स्वतः करता येण्याजोगी दुरुस्ती

तळमजल्यावरील खिडकीचे काम घरमालकास स्वतः करता येते. लाकूड वाळलेले असते तेव्हा, म्हणजे जानेवारी ते एप्रिल या काळात, ते हाती घ्यावे. पावसाळ्यात फुगलेल्या झडपेला रंधा मारल्यास उन्हाळ्यात फट पडते. जुना रंग कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे पृष्ठभाग ओला करूनच घासावा. सुटलेली लांबी खरवडून तावदान पुन्हा बसवावे. खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली लांबी यासाठी उपयुक्त ठरते. सैल बिजागऱ्या बदलाव्यात. दोन झडपा मिळतात तेथे लाकडी पट्टी ठोकावी. चौकटीच्या खालच्या लाकडाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, म्हणजे पाणी साचून लाकूड कुजत नाही. कुजलेला भाग मर्यादित असल्यास तेवढाच कापून नवा तुकडा जोडावा. वरच्या मजल्याचे काम मात्र सुतारावर सोपवावे.

निष्कर्ष

माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना प्रवेश नाही. म्हणून बरेचसे सामान घोड्यांवरून वा हातगाडीने न्यावे लागते. ४ मि.मी. जाडीच्या काचेचे वजनच दर चौ.मी. १० किलो भरते. तेव्हा आधी सावली, मग दुरुस्ती आणि नाइलाज झाल्यासच बदल, हा क्रम येथे सयुक्तिक ठरतो. बदल अटळच असेल, तर नवी खिडकी बिजागरीची असावी आणि इमारतीचे बाह्यरूप बदलण्यापूर्वी नगरपरिषदेकडे विचारणा करावी. जुनी खिडकी टिकली तर वीज वाचते, वारा टिकतो आणि वास्तूचा वारसाही जपला जातो.