परगण्याच्या गोतसभेपुढील वादी व त्याचे कागद

महजर हातीं आला कीं संग्राहक प्रथम त्याचा शेवट पाहतो. वतन कोणाचें ठरलें आणि खालीं निशाण्या किती आहेत, एवढेंच त्यास हवें असतें. आम्हीही पुष्कळ दिवस तसेंच करीत होतों. परंतु शिवकालीं किंवा पेशवाईंत पाटीलकीचा तंटा घेऊन जो मनुष्य परगण्यास जाई, त्यास निकालापूर्वीं दुसरेच प्रश्न पडत. जावें कोणाकडे? सभेंत बसणार कोण? खर्च काय लागेल? जिंकल्यास पदरांत काय पडेल? यांचीं उत्तरें एकट्या महजरांत क्वचितच पुरतीं मिळतात. तीं सोबतच्या किरकोळ कागदांत असतात.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें. गांवचा तंटा प्रथम गांवच्या गोतानें, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुते इत्यादिकांनीं ऐकावा. तेथें न मिटल्यास परगण्याच्या सभेकडे जावें. या सभेंत देशमुख-देशपांडे हे वतनदार आणि हवालदार, मजुमदार असे सरकारी अंमलदार एकत्र बसत.

दुसरा प्रश्न नाजूक. देशमुखच प्रतिपक्षाचा सोयरा असला तर? अशा वेळीं वादी दुसरें थळ मागे, म्हणजे परक्या परगण्याच्या गोतापुढें निवाडा व्हावा असा अर्ज करी. मग उभयतांकडून राजीनामे घेत. हा राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद नव्हे. अमुक सभेचा निकाल राजीखुषीनें मानूं, अशी ती कबुली होय. त्याबरोबर जामीनकतबे होत, आणि मग अग्रवादी व पश्चिमवादी आपापल्या तकरिरी लिहून देत. आमच्या मतें सबंध पुडक्यांत मोलाचा कागद तकरीर हाच. महजरांत सभा बोलते. तकरिरींत पक्षकार बोलतो. दुष्काळांत कोण परागंदा झाला, मागें राहून शेत कोणीं कसलें, कोणत्या भावानें कोणास दगा दिला, हें तो आपल्या परीनें सांगतो. तें सर्वच खरें असतें असें नव्हे, पण घरच्या भाषेंत असतें.

साक्षीपुराव्यानें निर्णय न झाला तर दिव्य. रव्याच्या दिव्यांत तापलेल्या तेलतुपांतून धातूचा तुकडा हातानें काढावा लागे. मग तो हात पिशवींत बांधून वर मोहोर करीत आणि नेमल्या दिवशीं सभेपुढें उघडून पाहत.

खर्चाविषयीं बोलावयाचें तर न्याय फुकट मिळत नसे. जिंकणाऱ्याकडून हरकी घेत, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. म्हणजे सरकारास दोहोंकडून प्राप्ति. कोर्टफीस नांवें ठेवणाऱ्या आमच्या स्नेह्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथांत या सर्व पद्धतीचा विस्तारानें विचार केला आहे.

निकालानंतर जिंकणाऱ्यास महजर मिळे. त्यावर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या असत. शिवाय हरणारा येजितखत लिहून देई: आपण खोटे झालों, या वतनाशीं आपला संबंध नाहीं. म्हणून हरलेल्याचा कबुलीजबाब जिंकलेल्याच्या घरीं सांपडतो. नवख्या अभ्यासकाचा येथें हटकून घोटाळा होतो. येजितखतावरील नांव पाहून तो दप्तरच त्या घराण्याचें समजतो.

असे महजर घेऊन येणारे गृहस्थ आज एक प्रश्न हमखास विचारतात: यावरून आमचें वतन परत मिळेल काय? मिळणार नाहीं. परगणे व कुलकर्णी वतनें मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्यानें नाहींशीं झालीं. कागदाचें मोल राहिलें तें इतिहासापुरतें, आणि तेंही पुडकें सबंध असेल तर.

या बाबतींत आमचा अनुभव कटु आहे. एका दप्तरांतील महजर निशाण्यांच्या शोभेखातर एका हौशी गृहस्थानें नेला आणि काचेंत मढविला. राजीनामे, कतबे व तकरिरी मागें राहिल्या, त्या रद्दींत गेल्या. आम्ही पोहोंचलों तेव्हां रिकामा रुमाल तेवढा शिल्लक होता. मढविलेल्या महजरांत थळ बदलून घेतल्याचा उल्लेख आहे. तें कां बदललें, हें सांगणारी तकरीर गेली. तरी संग्राहकांस विनंति कीं, रुमाल सोडतांच कागद ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें प्रत्येकाच्या पाठीवर, कोपऱ्यांत, पेन्सिलीनें बारीक आंकडा घालावा, आणि वाचन त्यानंतर सुरू करावें.